डावखुऱ्याच्या बदल्यात

फोन आला मंगळवारी, सव्वाचार वाजता.
येल्फ्री आमच्या तळघरात झोपला होता,
एक पाय पलंगाबाहेर, पंखा थेट तोंडावर.
त्याचा आवाज ऐकून आयर्मानं जिन्यावरून विचारलं,
कोण गेलं रे?

गेलं कुणीच नव्हतं.
थोरल्या टीमला हवा होता एक डावखुरा पिचर,
चौतिशीचा, दोन महिन्यांपुरता,
आणि त्याच्या बदल्यात दिला
आमच्या गावच्या धाकट्या टीमचा शॉर्टस्टॉप,
वय वर्षं वीस.
तासाभरात बॅग भरून झाली.
मोजे तेवढे राहिले, ड्रायर फिरत होता.

रात्री कोझाकच्या बोलिंग अ‍ॅलीत
एरी तळ्यावरून येणारे डास आणि आम्ही.
रूडी म्हणाला, हातचं सोडून पळत्याच्या पाठी!
सहा वर्षं दिली, साठ दिवस घेतले.
शाळेत तो नापास झाला होता गणितात,
पण हे गणित त्याला बरोबर जमतं.
मार्लीन प्रत्येक मॅच पेन्सिलीनं लिहून ठेवते,
सत्याण्णव सालापासूनच्या वह्या आहेत तिच्याकडे.
ती म्हणाली, पोराला कर्व्ह दिसतच नाही,
बाहेर जाणाऱ्या चेंडूमागे धावतो
सुटलेल्या कुत्र्यासारखा.
वीस वर्षांचा आहे, रूडी ओरडला.
वीसचे सगळेच असतात, मार्लीन म्हणाली,
तिशीचे फार थोडे होतात.
डीकन पर्व्हिस म्हणाले, रोपं लावायची आपण,
सावलीत बसायचं दुसऱ्यांनी,
आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मग सगळ्यांनीच बघितलं.

मी काय सांगणार?
मार्चमध्ये तो आला तेव्हा त्याला थंडी माहीत नव्हती.
आयर्मानं दुकानातून आंबा आणला,
त्यानं एक फोड खाल्ली, थँक्यू म्हणाला,
आणि नंतर मला हळूच सांगितलं,
डॉन लेनर्ड, हा आंबा नाही. आमच्या बानीला या.
एप्रिलभर मी तळघरात बादलीवर बसून
त्याला गुंडाळलेले मोजे टाकले,
काचेच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेल्या खांद्यानं.
मोजा नीट वळतो, चेंडूपेक्षा हळू.
थांब, म्हणायचो मी. येऊ दे. अजून. जाऊ दे.
तो जाऊ द्यायचा नाही.
बॉयलरवर अजून पोचा आहे.

आणि हेही सांगायला हवं,
निदान इथे तरी:
जुलैच्या सुरुवातीला याच टेबलावर,
आठव्या इनिंगमध्ये तिसऱ्यांदा हरल्यावर,
मीच मूठ आपटली होती.
डावखुरा आणा, म्हणालो होतो,
कुणालाही द्या, पण आणा.
कुणाला, असं कुणी विचारलं नव्हतं.
माझा बिअरचा ग्लास सांडला, मार्लीनची वही भिजली,
ते पान अजून पिवळं आहे.

शुक्रवारी डावखुरा उतरला.
आठवी इनिंग, दोघे बेसवर.
पोट सुटलेलं, दाढी पांढरी,
चेंडू असा खाली बुडायचा
जसा टेबलावरून चमचा पडतो.
तिघांना बसवलं. अख्खी अ‍ॅली उभी राहिली.
रूडीसुद्धा. शिव्या देत, पण उभा.
मीही उभा राहिलो.
माझे गुडघे मला विचारत नाहीत.

घरी आलो तर आयर्मा झोपली होती.
मोज्यांची घडी जिन्याच्या पहिल्या पायरीवर,
वर पत्ता लिहिलेला लिफाफा,
तिकिटं थोडी जास्तच लावलेली.
फोनवर त्याच्या नव्या टीमचा स्कोअर शोधला,
चष्मा सापडेना, हात लांब धरून वाचला.
पाच वेळा बॅटिंगला, हिट एकही नाही.
तीनदा स्ट्राइकआउट.
मार्लीनला उद्या आयतंच मिळालं.
एकदा साधाच झेल.

आणि एक वॉक.

म्हणजे चार चेंडू
त्यानं जाऊ दिले.